अडत पेढीची जावा प्रणाली: काउंटरवर चोख, इनर क्लासमध्ये सैल

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत व्यवहारासाठी एका स्थानिक विकसकाने तयार केलेली क्लायंट-सर्व्हर प्रणाली परिचयातील एका पेढीत वापरात आहे. वार्षिक देखभाल करार नव्याने करण्यापूर्वी पेढीच्या मालकांनी तिच्यावर तांत्रिक अभिप्राय मागितला. खरेदीच्या वेळीच त्यांनी सोर्स कोडची प्रत करारात लिहून घेतलेली असल्यामुळे हा अभिप्राय केवळ पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून ठेवावा लागला नाही. (मालकांची ही अट इतर पेढ्यांनीही अवश्य उचलावी.) विकसकाचे आणि पेढीचे नाव येथे दिलेले नाही, कारण ज्या दोषाची पुढे विस्ताराने चर्चा केली आहे तो जावामध्ये लिहिलेल्या पुष्कळ व्यावसायिक प्रणालींमध्ये आढळतो आणि तो एका नावाला चिकटवून प्रश्न सुटत नाही.

निष्कर्ष आधी सांगतो. प्रणाली घेण्याजोगी आहे; मात्र डेटाबेसमध्ये साठवल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये इनर क्लासचा जो वापर झाला आहे, तो दुरुस्त करून देण्याचे विकसकाने लेखी मान्य केले तरच ती घ्यावी. (जावामध्ये क्लास म्हणजे माहितीचा आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बनलेली प्रत्यक्ष नोंद, आणि इनर क्लास म्हणजे एका क्लासच्या आत लिहिलेला आणि त्याला बांधलेला दुसरा क्लास.)

प्रणालीची मांडणी ओळखीची आहे. काट्याजवळचा, काउंटरवरचा आणि कार्यालयातला असे संगणक स्विंगमध्ये (जावाच्या खिडक्या-बटणांच्या संचात) लिहिलेला क्लायंट चालवतात. ते आरएमआयच्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावरील जावा कोड बोलावण्याच्या सोयीच्या, मार्गाने सर्व्हरशी बोलतात. सर्व्हरवर हायबरनेट (टेबलातील ओळी आणि जावाची ऑब्जेक्ट यांची सांगड घालणारे साधन) आहे आणि त्याच्यामागे पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस. सौदा झाला की लॉट, पोती, प्रत्येक पोत्याचे वजन, तूट आणि दर यांवरून शेतकऱ्याची पट्टी तयार होते. हमाली, तोलाई, अडत आणि बाजार समितीचा सेस कोणाच्या नावे आणि किती टाकायचा हे कोडमध्ये गाडून न ठेवता टेबलात ठेवले आहे, त्यामुळे नियम बदलला तरी विकसकाला बोलवावे लागत नाही. नोंद करताना माउसला हात न लावता सगळे काम कीबोर्डवर होते. पट्टीची छपाई स्वच्छ आहे, देवनागरी जोडाक्षरे तुटत नाहीत, आणि दिवसअखेरचा गोषवारा चटकन निघतो. ज्यांना काउंटरवर बसायचे आहे त्यांची तक्रार फारशी नाही. तक्रार आहे ती काट्याजवळ बसणाऱ्यांची, आणि तिचे मूळ कोडमध्ये आहे.

कोडमधील क्लासची नावे रोमन लिपीत लिहिलेली मराठी आहेत, ही गोष्ट वाचणाऱ्याला सुखद वाटते. (जावा यूनिकोड नावे स्वीकारते, त्यामुळे ती थेट देवनागरीतही लिहिता आली असती, पण एवढे धाडस कोणी करत नाही.) मुख्य क्लास आहे ‘पट्टी’. तिच्या आत ‘वजननोंद’ हा दुसरा क्लास लिहिला आहे आणि त्याच्या आधी ‘स्टॅटिक’ हा शब्द नाही. या एका शब्दाच्या अभावावर पुढचे जवळजवळ सगळे परीक्षण उभे आहे.

स्टॅटिक लिहून आत ठेवलेला क्लास हा नावापुरता आत असतो. त्याचे ऑब्जेक्ट स्वतंत्रपणे जन्माला येते. स्टॅटिक न लिहिता आत ठेवलेला क्लास हा खरा इनर क्लास असतो आणि त्याचे प्रत्येक ऑब्जेक्ट बाहेरच्या एका ठरावीक ऑब्जेक्टला बांधलेले असते. हे बंधन राखण्यासाठी कंपायलर (सोर्सचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम) त्या क्लासमध्ये आपणहून एक छुपे फील्ड, म्हणजे माहिती ठेवण्याची जागा, घालतो, जे सोर्समध्ये दिसत नाही, ज्याच्यावर कोणतीही खूण करता येत नाही आणि जे फायनल, म्हणजे एकदा ठरल्यावर न बदलणारे, असते. या बंधनामुळेच वजननोंदीच्या मेथडमधून (क्लासमधील काम करणाऱ्या कोडमधून) पट्टीचा दर, पट्टीची तूट, पट्टीवरचा शेतकरी हे सगळे थेट नावाने वापरता येते. विकसकाने हीच सोय पाहून तो क्लास तसा लिहिला हे उघड आहे, आणि त्याचा विचार व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा नव्हता, कारण पट्टीवाचून वजननोंदीला खरोखरच अर्थ नसतो. परंतु व्यवहारातील ‘याच्यावाचून ते नाही’ हे नाते आणि जावामधील इनर क्लासचे नाते यांत एक निर्णायक फरक आहे. डेटाबेसमध्ये ते नाते फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील ओळीचा क्रमांक धरणारा कॉलम) सांभाळते, आणि फॉरेन कीचे मूल्य बदलता येते. इनर क्लासचे बाहेरचे ऑब्जेक्ट जन्माच्या वेळी ठरते ते कायमचे.

यार्डात हा फरक पुस्तकी राहत नाही. हंगामाच्या गर्दीत एका शेतकऱ्याचे पोते शेजारच्या थप्पीत लागणे, ते दुसऱ्याच्या लॉटमध्ये तोलले जाणे आणि संध्याकाळी पोत्यांची संख्या जुळेना म्हणून शोधाशोध होऊन ते मूळ मालकाच्या पट्टीवर आणणे, हे नेहमीचे आहे. डेटाबेसच्या दृष्टीने हे काम म्हणजे वजनाच्या एका ओळीतील पट्टी क्रमांक बदलणे. या प्रणालीत मात्र वजननोंदीचे ऑब्जेक्ट आपली पट्टी बदलूच शकत नाही. म्हणून विकसकाने काय केले आहे, तर जुनी नोंद पुसायची, दुसऱ्या पट्टीच्या आत नवी नोंद निर्माण करायची आणि तिच्यात वजन उतरवून घ्यायचे. वजन बरोबर उतरते. परंतु ते कोणत्या वेळी तोलले, काट्यावर कोण बसले होते आणि मूळ नोंद क्रमांक काय होता, हे सर्व नव्याने पडते. शेतकऱ्याने किंवा समितीने उद्या विचारणा केली तर पेढीकडे दाखवायला संध्याकाळी केलेली नोंद असते, दुपारचा तोल नसतो. हिशोबाच्या प्रणालीत याहून गंभीर दोष क्वचितच असेल, आणि त्याला कारण एवढेच, की फॉरेन की जिथे पुरेशी होती तिथे भाषेचे कायमचे बंधन वापरले.

पुढचा प्रश्न हायबरनेटचा. टेबलातील ओळ वाचून तिचे ऑब्जेक्ट तयार करायचे तर हायबरनेटला त्या क्लासचा पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट जन्माला घालणारा कोड) लागतो. इनर क्लासला तो असूच शकत नाही. सोर्समध्ये कंस रिकामा दिसला तरी कंपायलरने त्यात बाहेरच्या ऑब्जेक्टचा एक पॅरामीटर भरलेला असतो. हायबरनेट ज्या जावा प्रमाणाला अनुसरते त्या जेपीए २ चे तपशीलपत्र तर एंटिटी, म्हणजे टेबलात साठवला जाणारा क्लास, हा स्वतंत्र, सर्वांत बाहेरचा क्लासच असावा असे सांगते. हायबरनेट थोडे उदार आहे आणि आत लिहिलेला स्टॅटिक क्लास चालवून घेते, पण खरा इनर क्लास त्यालाही चालत नाही. येथे थांबून रचना बदलायची की वळसा घालायचा असे दोन मार्ग विकसकापुढे होते, आणि त्याने वळसा घातला. पट्टी हायबरनेटकडून वाचली जाते. तिच्यातील वजननोंदींच्या यादीवर ‘ट्रान्झिएंट’ हे ॲनोटेशन (कोडवरची खूण) लावून ती हायबरनेटच्या नजरेआड केली आहे. आणि नंतर पट्टीचीच एक मेथड हाताने लिहिलेल्या जेडीबीसी (डेटाबेसशी थेट बोलण्याची जावाची सोय) कोडमधून ओळी आणून त्या यादीत भरते.

परिणामी एकाच पट्टीचे दोन भाग डेटाबेसकडे दोन वेगळ्या वाटांनी जातात. पट्टीतील दर बदलला तर हायबरनेट तो बदल स्वतः ओळखते आणि डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) पूर्ण होताना लिहिते. वजन बदलले तर त्याला काहीच कळत नाही. ते लिहिण्याची आठवण प्रत्येक ठिकाणी प्रोग्रामरने ठेवायची. बहुतेक ठिकाणी ती ठेवलेली आहे. तूट दुरुस्त करण्याच्या पडद्यामागे ती राहून गेलेली आढळली, आणि तेथे पडद्यावर नवे वजन, छापील पट्टीवर नवे वजन, पण टेबलात जुनेच अशी स्थिती निर्माण होते. शिवाय जेडीबीसीच्या ओळी दुसऱ्याच कनेक्शनवरून, म्हणजे वेगळ्या व्यवहारात लिहिल्या जातात, त्यामुळे पट्टीचा व्यवहार मध्येच रद्द झाला तरी वजने राहून जाऊ शकतात.

आता काट्याजवळच्या तक्रारीकडे वळतो. तक्रार अशी, की सकाळी प्रणाली चपळ असते आणि मोठ्या खातेदाराचा लॉट काट्यावर आला की प्रत्येक पोत्याला ती अडखळते. विकसकाने यासाठी नेटवर्क बदलून पाहण्याचा सल्ला दिला होता. नेटवर्कचा दोष नाही. काट्यावरचा क्लायंट सर्व्हरकडे एक वजननोंद मागतो. आरएमआय ती सिरियलाइझ करून, म्हणजे ऑब्जेक्टचे बाइटच्या प्रवाहात रूपांतर करून, पाठवते. आणि सिरियलायझेशन ऑब्जेक्टच्या सगळ्या फील्डांमागे जात असल्यामुळे त्या छुप्या फील्डामागेही जाते. पोत्याची सुतळी ओढावी आणि सगळी थप्पी अंगावर यावी तसे हे आहे: एका वजनाबरोबर पूर्ण पट्टी येते, पट्टीबरोबर तिच्यातील सर्व वजननोंदी येतात, पट्टीवरच्या शेतकऱ्याचे ऑब्जेक्ट येते आणि त्याच्या खात्याचा उतारा आधी वाचला गेला असेल तर तोही येतो. यादीवर लावलेले ‘ट्रान्झिएंट’ ॲनोटेशन येथे उपयोगी पडत नाही, कारण ते जेपीएसाठी असते; सिरियलायझेशनला थांबवतो तो जावाचा त्याच नावाचा कीवर्ड, आणि छुप्या फील्डावर तो लिहिण्याची सोयच नाही.

एका आरएमआय कॉलमध्ये सगळ्या नोंदी एकदम मागितल्या असत्या तर पट्टी एकदाच गेली असती, कारण एका प्रवाहात तेच ऑब्जेक्ट दुसऱ्यांदा लिहिले जात नाही. पण काटा एकेक पोते तोलतो आणि एकेक नोंद मागतो. ४० पोत्यांच्या लॉटला पट्टी ४० वेळा जाते आणि ४० वेळा परत येते.

परत येते हा भाग जास्त धोक्याचा आहे. काट्यावर वजन भरून नोंद सर्व्हरकडे आली की तिच्याबरोबर पट्टीची काट्यावरची प्रत येते, आणि सर्व्हरवरील कोड त्या प्रतीलाच प्रमाण मानून साठवतो. मधल्या वेळात कार्यालयातून त्याच पट्टीचा दर दुरुस्त झाला असेल तर तो या जुन्या प्रतीखाली पुसला जातो. कोणताही चूक-संदेश येत नाही. पट्टीच्या टेबलात आवृत्ती क्रमांकाचा कॉलम असता आणि त्यावर ‘व्हर्जन’ ॲनोटेशन असते तर हायबरनेटने जुनी प्रत नाकारली असती. तो कॉलम नाही. हा दुसरा दोष इनर क्लासमुळे आलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. पण काट्यावर फक्त वजन गेले असते आणि फक्त वजन परत आले असते तर त्याला बाधण्याची संधी मिळाली नसती.

या प्रश्नाचे मूळ बरेच जुने आहे. इनर क्लास, जेडीबीसी, आरएमआय आणि सिरियलायझेशन या चारही गोष्टी १९९७ साली जेडीके १.१ मध्ये एकत्रच जावात आल्या. पडद्यावरील बटणे आणि खिडक्या यांच्यासाठी छोटे छोटे क्लास जागच्या जागी लिहिता यावेत ही इनर क्लासमागची मोठी गरज होती, आणि त्या कामात ते आजही शोभतात. सिरियलायझेशनच्या अधिकृत तपशीलपत्रातच मात्र इनर क्लास सिरियलाइझ करू नयेत असा स्पष्ट इशारा दिलेला आहे, आणि त्यात या छुप्या फील्डाचेच कारण सांगितले आहे. एकाच आवृत्तीत आलेल्या या सोयी परस्परांशी नीट जुळतीलच असे गृहीत धरण्याचा मोह मात्र होतो.

त्याच इशाऱ्यात दुसरेही एक कारण आहे आणि या पेढीला त्याचाही अनुभव आला. सिरियलाइझ होणाऱ्या क्लासला आवृत्तीची ओळख म्हणून ‘सिरियल व्हर्जन यूआयडी’ हा आकडा द्यायचा असतो. तो दिला नाही तर जावा क्लासच्या रचनेवरून तो स्वतः काढते, आणि त्या हिशोबात कंपायलरने घातलेली छुपी फील्डे व मेथडही धरल्या जातात. पट्टीला हा आकडा दिलेला आहे, वजननोंदीला नाही. जोपर्यंत दोन्हीकडचा कोड जावा ८ साठी कंपाइल होत होता तोपर्यंत काही बिघडले नाही. पुढे विकसकाने सर्व्हर जावा ११ वर नेला आणि जुन्या संगणकांसाठी क्लायंट ८ वरच ठेवला. जावा ११ पूर्वी बाहेरच्या क्लासला आतल्या क्लासच्या प्रायव्हेट फील्डापर्यंत पोचवण्यासाठी कंपायलर छुप्या मेथड घालत असे. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून कोड चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनलाच अशा एकत्र लिहिलेल्या क्लासचे नाते समजू लागले आणि त्या मेथड नाहीशा झाल्या. सोर्स तोच, पण दोन्हीकडे काढलेला आकडा वेगळा, आणि काट्यावर ‘इनव्हॅलिड क्लास’ असा संदेश. विकसकाने सर्व्हरचा कोडही पुन्हा ८ साठी कंपाइल करून तात्पुरती सोडवणूक केली आणि ती तात्पुरती सोडवणूकच चालू आहे. खरे तर एका ओळीत आकडा लिहून हे मिटले असते. इनर क्लासमध्ये स्टॅटिक सदस्य लिहायला जावा १६ पर्यंत बंदी होती, पण स्थिर मूल्यांना ती कधीच नव्हती.

नवी जावा घेतली की हे सगळे आपोआप सुटेल, असे विकसकाचे म्हणणे पडले. त्यात अर्धे तथ्य आहे. जावा १८ पासून कंपायलर, जेथे आतला क्लास बाहेरच्या ऑब्जेक्टचा उपयोगच करत नाही तेथे, ते छुपे फील्ड घालत नाही. परंतु सिरियलाइझ होणारे क्लास या सवलतीतून वगळलेले आहेत, आणि तारेवरून जाणारे आपले सगळे क्लास त्याच गटात मोडतात. शिवाय वजननोंद पट्टीचा दर वापरतेच, त्यामुळे तिचे फील्ड कोणत्याही आवृत्तीत राहिलेच असते.

क्लायंटच्या कोडमध्ये याच जातीची एक अधिक गमतीची जागा सापडली. शोध पडद्यावर राजापुरी, सेलम असे प्रकार निवडून सर्व्हरकडे यादी पाठवायची आहे. त्यासाठी विकसकाने दुहेरी महिरपी कंसांची पद्धत वापरून यादी जागच्या जागी भरली आहे. ही पद्धत लिहायला आटोपशीर दिसते. प्रत्यक्षात तेथे ॲरेलिस्टचा (जावातील तयार यादीचा) एक निनावी उपक्लास तयार होतो, आणि तो खिडकीच्या मेथडमध्ये लिहिलेला असल्यामुळे त्याला खिडकीचे छुपे बंधन असते. स्विंगच्या खिडक्या सिरियलाइझ होण्यास पात्र असतात, म्हणून जावा निमूटपणे पूर्ण शोध पडदा, त्यातील बटणे आणि टेबले तारेवर घालू लागते, आणि सिरियलाइझ न होणारी एखादी वस्तू आडवी आली की थांबते. विकसकाने थांबवणाऱ्या फील्डावर ट्रान्झिएंट लिहून पाहिले आहे, मग पुढच्या फील्डावर, आणि अखेरीस त्या यादीतून दुसरी साधी यादी बनवून ती पाठवली आहे. शेवटची ओळ बरोबर आहे. आधीच्या सगळ्या तशाच राहिल्या आहेत.

सर्व्हरच्या मेमरीबाबत थोडक्यात सांगतो. पावती पुन्हा छापता यावी म्हणून अलीकडच्या वजननोंदी सर्व्हरवर एका स्टॅटिक मॅपमध्ये राखून ठेवल्या जातात. प्रत्येक नोंद आपली पट्टी धरून बसते, पट्टी शेतकऱ्याला धरून बसते, आणि न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला यांतले काहीच मोकळे करता येत नाही. ‘रोज रात्री सर्व्हर बंद करून सकाळी सुरू करावा’ अशी जी सूचना पुस्तिकेत आहे तिचे कारण हे आहे. पुस्तिकेत कारण दिलेले नाही.

याच प्रणालीत आत लिहिलेल्या क्लासचा अगदी निर्दोष वापरही आहे, आणि तो त्याच हाताने केलेला आहे. लॉट क्रमांक व पोते क्रमांक मिळून जी संयुक्त की बनते तिचा क्लास संबंधित एंटिटीच्या आत, पण स्टॅटिक म्हणून लिहिला आहे. तो पब्लिक आहे, सिरियलाइझ होतो, त्याला रिकामा कन्स्ट्रक्टर आहे, आणि ‘इक्वल्स’ व ‘हॅशकोड’ या दोन्ही मेथड नीट लिहिल्या आहेत. की आणि एंटिटी एकाच फाइलमध्ये वाचायला मिळतात, यापलीकडे त्यांचा एकमेकींवर भार नाही. दिवसाच्या सौद्यांचा गोषवाराही असाच आहे: क्वेरीचे निकाल थेट एका छोट्या स्टॅटिक क्लासमध्ये उतरवले जातात आणि तेवढेच क्लायंटकडे जातात. तेथे क्वेरीत आतल्या क्लासचे नाव बिंदूने न लिहिता डॉलरचे चिन्ह घालून लिहावे लागते, ही अडचण विकसकाने टिपणात नोंदवून ठेवली आहे. गोषवारा चटकन निघतो असे वर म्हटले, त्याचे रहस्य या एका स्टॅटिक शब्दात आहे.

खिडक्यांच्या आत लिहिलेले टेबल मॉडेल आणि बटणांचे लिसनर हे खरे इनर क्लास आहेत आणि तेथे ते योग्यच आहेत. ते डेटाबेसमध्ये जात नाहीत, तारेवर जात नाहीत, आणि खिडकी बंद झाली की तिच्याबरोबर संपतात. हा विवेक जावाच्या स्वतःच्या संग्रहातही दिसतो. हॅशमॅपमध्ये की आणि मूल्य सांभाळणारा ‘नोड’ स्टॅटिक आहे, तर त्या मॅपमधील सर्व की दाखवणारा ‘कीसेट’ खरा इनर क्लास आहे, कारण तो स्वतः काही साठवत नाही, मॅपकडे पाहण्याची ती केवळ एक खिडकी असते. लिंक्डलिस्टमध्येही नोड स्टॅटिक आणि यादीवरून फिरणारा इटरेटर इनर आहे. जी माहिती साठवायची आहे ती मोकळी ठेवायची आणि जे माहितीकडे पाहते ते बांधायचे, हा भेद या विकसकाला संयुक्त कीच्या वेळी साधला आणि वजननोंदीच्या वेळी साधला नाही.

दुरुस्तीसाठी जे सुचवले ते फार मोठे काम नाही. वजननोंद पट्टीच्या बाहेर काढून स्वतंत्र एंटिटी करावी. पट्टीशी तिचे नाते ‘मेनी टू वन’ (अनेक नोंदी, एक पट्टी) असे उघड लिहावे आणि ते गरजेपुरतेच वाचले जाईल असे ठेवावे. तिला प्रोटेक्टेड असा रिकामा कन्स्ट्रक्टर द्यावा. आणि रक्कम काढणाऱ्या मेथडला दर व तूट पॅरामीटर म्हणून द्यावेत. हाताने लिहिलेला जेडीबीसी कोड मग काढून टाकता येतो. काट्यासाठी एंटिटी न पाठवता पोते क्रमांक, वजन आणि नोंद क्रमांक एवढेच असलेला साधा क्लास पाठवावा. पट्टीला आवृत्तीचा कॉलम जोडावा. तारेवर जाणाऱ्या प्रत्येक क्लासला आवृत्तीचा आकडा लिहावा. जावा १६ किंवा त्यापुढे जाता आले तर काट्यासाठीचा क्लास रेकॉर्ड (फक्त माहिती वाहणारा आटोपशीर क्लास) म्हणून लिहिता येईल; आत लिहिलेला रेकॉर्ड मुळातच स्टॅटिक असतो, त्यामुळे विसरायला जागा राहत नाही. एंटिटी मात्र रेकॉर्ड करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

विकसकाच्या सेवेबद्दल चांगले बोलावेसे वाटते. अहवाल वाचून त्याने वाद घातला नाही, प्रश्न विचारले, आणि पोते एका पट्टीवरून दुसरीवर नेण्याचा मुद्दा ऐकल्यावर प्रथम तेच दुरुस्त करायला घेतले. मोबाइलवर शेतकऱ्याला पट्टी दाखवण्याची त्याची योजना आहे. त्यासाठी जॅक्सनसारखे साधन वापरायचे तर तेही जेसनमधून (माहिती पाठवण्याच्या मजकूर-रूपातून) खरा इनर क्लास उभा करू शकत नाही, त्यामुळे ही दुरुस्ती त्याला आज ना उद्या करावीच लागली असती. दूरध्वनीवर तो हंगामातही सापडतो. २०१९ चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्या शहरात डेटाबेसची रोजची प्रत यार्डाबाहेर ठेवण्याची सोय त्याने न मागता दिली आहे, याचेही श्रेय त्याला दिले पाहिजे.

दुरुस्त केलेली आवृत्ती हळदीच्या विभागापुरती तपासून पाहिली. काट्यावरचे अडखळणे गेले आहे, पोते हलवल्यावर मूळ तोलाची वेळ टिकून राहते, आणि जुन्या प्रतीवरून दर पुसला जाण्याऐवजी आता ‘पट्टी दुसरीकडे बदलली आहे, पुन्हा उघडा’ असा संदेश येतो. संदेशाची भाषा काट्यावरच्या माणसाला कळेल अशी आहे. रात्री सर्व्हर बंद करण्याची सूचना पुस्तिकेत अजून तशीच आहे, कारण पुनर्मुद्रणाच्या मॅपमध्ये जुन्या नोंदी काढून टाकण्याची तरतूद अद्याप झालेली नाही.

ज्या पेढ्या फक्त हळदीचा व्यवहार करतात त्यांनी ही नवी आवृत्ती घ्यायला हरकत नाही. घेताना सोर्स कोड आणि आवृत्ती क्रमांक दोन्ही करारात लिहून घ्यावेत. बेदाण्याचा विभाग मात्र जुन्याच रचनेवर आहे. तेथे ‘पेटी’ हा क्लास ‘सौदा’ या क्लासच्या आत, स्टॅटिक न लिहिता ठेवलेला आहे, आणि बेदाण्यात पेट्या एका सौद्यातून दुसऱ्यात जाण्याचे प्रमाण पोत्यांपेक्षा कमी नाही. सांगलीबरोबर तासगावच्या बाजारातही काम असलेल्या पेढ्यांनी तो विभाग बदलून मिळेपर्यंत बेदाण्याचा हिशोब सध्याच्या पद्धतीनेच ठेवावा.